काट्यानं धरलं की आधी एक पाऊल मागे

प्रश्न थोडक्यात असा: नकाशावर सात किलोमीटरची पायवाट दिसते. दोन-तीन वर्षं तिकडे कुणी फिरकलेलं नाही. पहिले पाच किलोमीटर बरे गेले, पुढे मात्र वाट काटेरी झुडपांनी गच्च बुजलेली. त्यातली काही झाडं त्याच रानातली, काही बाहेरून येऊन माजलेली. दोघं जण तासभर झगडले, जेमतेम चारशे मीटर सरकले, शर्ट फाटले, एकाच्या गुडघ्यात काटा मोडला, मग परतले. आता विचारताहेत की पुढच्या वेळी काय घालून जावं, कोयता न्यावा का, आणि परतलो ते चुकलं का.

परतलात ते बरोबर केलंत. आणि गुडघ्यातला काटा पूर्ण निघाला का, हे मला सगळ्यात आधी विचारायचं आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, तो भाग वगळू नका.

मी वीसेक वर्षं अशा वाटा चालतोय आणि बुजलेल्या वाटा मोकळ्या करणाऱ्यांबरोबरही बरंच काम केलंय. तासाला चारशे मीटर हा गच्च झाडोऱ्यातला नेहमीचा वेग आहे, तुम्ही कमी पडलात असं नाही. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा गिर्यारोहक अजून वापरतात: तासाला साधारण पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाईला एक तास वाढवायचा. पण तो मोकळ्या वाटेचा आडाखा आहे. बुजलेल्या वाटेला तो लावला की दिवसाचा सगळा हिशेब चुकतो. जिथे वाट बुजली असण्याची शंका असते तिथे मी तासाला अर्धा किलोमीटरच धरतो. तेवढा उजेड हाताशी नसेल तर त्या पट्ट्यात शिरत नाही.

आता मुख्य गोष्ट. काट्यानं बाही धरली की माणूस जोर लावून पुढे ओढतो. कापड फाटतं, कातडी सोलते, काटा आत मोडतो ते याच क्षणी. आधाराने चढणाऱ्या, लांब फांद्या टाकणाऱ्या काटेरी झाडांचे काटे बहुधा आकड्यासारखे असतात आणि त्यांची टोकं बुंध्याकडे वळलेली असतात. फांदी पुढे वाढताना आकडा आड येत नाही, पण मागे घसरू लागली की तो शेजारच्या झाडात रुततो आणि फांदी वरच राहते. तुमच्या बाहीचंही तसंच होतं. बाही फांदीच्या शेंड्याकडे ओढलीत तर आकडा आणखी खोल जातो, बुंध्याकडे सरकवलीत तर आपोआप सुटतो. तेव्हा काट्यानं धरलं की थांबायचं. अर्धं पाऊल मागे घ्यायचं, म्हणजे फांदीवरचा ताण जातो. मग ती फांदी दोन काट्यांच्या मधे चिमटीत धरायची, बाही बुंध्याकडे सरकवून सोडवायची आणि फांदी बाजूला सारायची. दोन-तीन ठिकाणी अडकला असाल तर शेवटी अडकलेला काटा आधी सोडवायचा. अंग सोडवा, मग सॅक. सॅक सोडवायच्या नादात माणूस वळतो आणि चेहरा फांदीत घालतो.

दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत अशा आकडेवाल्या झाडांना 'जरा थांब' याच अर्थाचं नाव आहे. ऑस्ट्रेलियाच्या पावसाळी जंगलातल्या वेताच्या एका वेलीला 'वेट-अ-व्हाइल' म्हणतात. न्यूझीलंडमध्ये रासबेरीच्या कुळातल्या तिथल्याच एका वेलीचं नाव 'बुश लॉयर', म्हणजे रानातला वकील, कारण एकदा धरलं की तो सहजी सोडत नाही. एवढ्या लांबलांबच्या लोकांना नाव देताना जे सुचलं तेच माझं पहिलं सांगणं आहे.

सगळे काटे मात्र आकडे नसतात, आणि कुठला काटा कुठून उगवतो हे कळलं तर हात कसा लावायचा ते कळतं. गुलाबाचे, घाणेरीचे, ब्लॅकबेरीचे काटे सालीतून फुटलेले असतात. अंगठ्यानं आडवे दाबले तर पटकन मोडून पडतात, म्हणून दाट जाळीत दस्ताना घालून फांदीवरचे दोन-चार काटे मोडून धरायला जागा करता येते. लिंबाचा, करवंदीचा काटा म्हणजे काटा झालेली फांदीच. आतून लाकूड, तो असा मोडत नाही. मोडला तर तुमच्या अंगात मोडतो. बाभळीचे, बोरीचे काटे पानाच्या तळाशी जोडीनं येतात. बोरीत तर पुष्कळदा त्या जोडीतला एक सरळ आणि एक वाकडा असतो: पुढे जाताना सरळ काटा टोचतो, मागे येताना वाकडा धरतो. म्हणून बोरीत अडकल्यावर मागेही सरकायचं नाही. अंग स्थिर ठेवायचं आणि फांदीच उचलून दूर करायची. माझ्या नियमाला हा एक मोठा अपवाद, आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे.

देशी आणि परक्या झाडांबद्दल तुम्ही लिहिलंत ते आवडलं, कारण वाट शोधायला हा फरक फार उपयोगी पडतो. तो झाडाच्या अंगात नसतो, जागेत असतो. घाणेरी मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. शोभेचं झाड म्हणून बागांमधून तिला जगभर नेलं आणि भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका सगळीकडे ती रानात पसरली. उलट आपली बाभूळ आणि बोर ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये उपद्रवी तण ठरली आहेत. आपल्याकडची चिल्हार दक्षिण आफ्रिकेत तशीच डोकेदुखी झाली आहे. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या वाटा गिळणारी 'हिमालयन' ब्लॅकबेरी हिमालयातली नाहीच. ती आर्मेनिया आणि उत्तर इराणकडची. ल्यूथर बरबँक या वनस्पतिपैदासकारानं १८८५ मध्ये ती अमेरिकेत आणली आणि नाव तेवढं हिमालयाचं दिलं. तिची फांदी वाकून जिथे जमिनीला टेकते तिथे शेंड्याला मुळं फुटतात. म्हणून तिच्या जाळीत दोन्ही टोकांनी जमिनीत रोवलेल्या कमानी सापडतात आणि त्या पायात येतात. तिथे पाय उचलून टाकायचा, घासत न्यायचा नाही.

वाट शोधायला उपयोग कसा होतो ते सांगतो. जुनं, जाड बुंध्याचं देशी काटेरी झाड बहुतेक वेळा वाटेच्या आधीपासून तिथे असतं. ज्यांनी वाट पाडली त्यांनी त्याला वळसा घातलेला असतो. त्यामुळे ऐन समोर करवंदीची जुनी, माजलेली जाळी आडवी आली तर माझी पहिली शंका अशी की मीच वाट सोडली आहे, आणि वळसा शोधायला मी मागे जातो. घाणेरीसारखी परकी झुडपं मात्र वाटेनंतर आलेली असतात. वाट पाडताना माती उकरली जाते, उजेड येतो, चालणाऱ्यांच्या बुटांना लागून बी येतं, फळं खाणारे पक्षी कडेच्या फांद्यांवर बसतात. ही झुडपं वाटेच्या कडेलाच धरतात, मग वाटेवरच येतात. त्यामुळे एकाच जातीची, एकाच उंचीची हिरवी भिंत समोर आली तर वाट बरेचदा थेट तिच्याखाली असते. हे दरवेळी खरं ठरतं असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते यावरून ठरवता येतं.

आणि शोधायचं कसं? बसून. तुम्ही तासभर उभ्यानं झगडलात असं मला वाटतं, कारण सगळे तेच करतात. छातीच्या उंचीवर झुडपांची पानं दोन्हीकडून येऊन मिळालेली असतात, तिथून काहीच दिसत नाही. सॅक उतरवा आणि घोट्याच्या उंचीवर डोळे न्या. खाली पानं नसतात, फक्त खोडं असतात. कडेची खोडं मनगटाएवढी, काळपट, एकमेकांना चिकटून उभी. त्यांच्यामधून दीड-दोन फुटांची एक पट्टी जाते, जिथे खोडं बोटाएवढी बारीक, विरळ आणि दोन्हीकडून आत झुकलेली असतात. तीच वाट. त्या पट्टीतली माती पावलांनी दाबलेली असते. काठी टेकवली तर कडेला ती सहज रुतते, पट्टीवर कमी रुतते. उतारावर असाल तर बुटाच्या तळव्यालाही कळतं: वाटेवर पाऊल सपाट बसतं, वाट सुटली की घोटा उताराकडे कलतो. डोळे मिटून चार पावलं टाकून पाहा, पाय सांगतात. कुठे जुन्या कापलेल्या बुंध्याची सपाट तोंडं दिसली तर खात्रीच, कारण रानात सपाट कापणारा माणूसच असतो.

एका गोष्टीनं मात्र फसाल. काटेरी जाळ्यांतून जनावरांची भुयारं जातात. ती आयती मोकळी दिसतात, पण गुडघ्याएवढ्याच उंचीची असतात आणि जनावराला जिथे जायचं असतं तिथे जातात. रांगत पन्नास मीटर आत गेल्यावर वर काटे, दोन्ही बाजूंना काटे आणि वळायला जागा नाही अशी गत होते. शिवाय समोरून त्या भुयाराचा मालक येऊ शकतो. उभ्यानं किंवा कमरेत वाकून जाता येत नाही अशा भुयारात शिरू नका.

हिरवी भिंत सगळीकडे सारखी दाट नसते, हेही सांगायला हवं. ही झुडपं उजेडाची भुकेली असतात. मोठं झाड पडून आभाळ दिसू लागलंय, जुनी दरड आली होती, कधीकाळी शेत होतं, ओढ्याचा काठ आहे, तिथे ती माजतात. मोठ्या झाडांच्या गच्च सावलीत विरळ होतात. समोर भिंत आली की मी आधी वर बघतो, जवळचा सावलीचा पट्टा कुठे आहे ते पाहतो आणि त्या बाजूनं वळसा घालतो. भिंत पुष्कळदा तीस-चाळीस मीटरच असते. ती फोडायला तास लागतो आणि सावलीतून वळसा घ्यायला दहा मिनिटं. वळसा घेताना मूळ वाट कुठल्या हाताला राहिली आहे ते मोठ्यानं बोलून ठेवायचं. सोबत्याला सांगितलेलं दोघांच्या लक्षात राहतं. फोनवर आपला माग नोंदवत राहा, पण दाट छपराखाली तो दहा-पंधरा मीटर इकडे-तिकडे दाखवू शकतो, आणि दोन फुटांची वाट शोधायला ती चूक मोठी आहे.

उताराबद्दल एक इशारा, कारण माणसं इथेच अडकतात. उतारावरची झुडपं खालच्या बाजूला कललेली असतात. उतरताना आपण त्यांच्या कलासोबत जातो, अंगाचं वजन टाकून फांद्या दाबत जातो, सोपं वाटतं. परत चढताना त्याच फांद्या शेंडे आपल्याकडे करून उभ्या असतात. जो टप्पा उतरायला वीस मिनिटं लागली तो चढायला सहज तास घेतो. म्हणून काटेरी घळीत उतरण्याआधी थांबून विचारायचं: खालून पुढे वाट नसेल तर मी हे परत चढेन का? उत्तर 'नाही' असेल तर उतरायचं नाही. तुम्ही किती वाजता परत फिरलात ते लिहिलं नाहीत, पण परत फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवलेली असावी. काट्यात असताना माणसाला सारखं वाटतं की आणखी पन्नास मीटरवर मोकळं होईल.

चालण्याची पद्धत साधी आहे. काठीनं फांदी उचला किंवा दाबा, बुटानं तिच्या बुंध्याजवळ पाय द्या, पुढे व्हा. शेंड्यावर पाय दिला तर फांदी मधेच उसळते. जिथे दाबणं शक्य नाही तिथे पाठ वळवून, सॅक पुढे करून रेटा. चेहरा आणि छाती सॅकच्या आडोशाला राहतात. दोघांमधे तीन-चार मीटर अंतर हवं. पुढच्यानं सोडलेली फांदी चाबकासारखी मागे येते, आणि ती डोळ्यांच्याच उंचीवर येते.

म्हणून चष्मा. नंबरचा नसला तर साधा, पारदर्शक, कडेनंही झाकणारा. माझ्या दृष्टीनं काटेरी वाटेवर दस्तान्यांपेक्षा तो महत्त्वाचा आहे. झाडपाला डोळ्याच्या बुबुळावर घासला गेला तर त्या ओरखड्यातून बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि त्यानं दृष्टी जाऊ शकते. फांदी लागल्यावर डोळा खुपत असेल, पाणी येत असेल, उजेड सोसत नसेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. घरात पडलेले स्टिरॉइडचे थेंब स्वतःहून घालू नका, बुरशी असेल तर ती त्यांनी बळावते.

कपड्यांचं म्हणाल तर पातळ, चटकन वाळणारी ट्रेकिंगची पँट इथे चिंध्या होते. घट्ट विणीचं जाड कापड हवं, कॅनव्हास किंवा जीन्सच्या जातीचं. ते भिजलं की जड आणि गार होतं, म्हणून थंड-ओल्या हवेत आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक असू द्या. पूर्ण बाही, बंद कॉलर, काठ असलेली टोपी. हातमोजे चामड्याचे, वेल्डर वापरतात तसे मनगटाच्या वरपर्यंत येणारे. पायाला गेटर, म्हणजे बुटाच्या वरून नडगी झाकणारं जाड आवरण. महागडं पावसाळी जाकीट सॅकच्या आत, आणि सॅकवर लोंबणारं काहीही नको: पट्ट्यांची टोकं, चटई, बाटली, मग, सगळं आत. प्रत्येक लोंबती गोष्ट फांदीला धरायला आणखी एक जागा देते.

बूट जाळीचे नकोत. तळवा कडक हवा, कारण वेड्या बाभळीचा वाळका काटा मऊ फोमच्या तळव्यातून आरपार येतो. संध्याकाळी बूट उलटे करून तळव्यात मोडलेले काटे पक्कडनं उपटा. आज वरवर अडकलेला काटा उद्याच्या चालण्यात आत सरकत जातो आणि परवा टोचतो.

पाणी नेहमीपेक्षा बरंच जास्त घ्या. झुडपांत वारा नसतो, अंगावर जाड कपडे असतात आणि प्रत्येक पाऊल म्हणजे व्यायाम असतो. काठी पुढे आपटत चला, म्हणजे सापाला सरकायला वेळ मिळतो. जिथे दिसत नाही तिथे हात घालू नका. दाट झुडपात गांधीलमाश्यांची पोळी असतात. गुणगुण ऐकू आली की हात न झटकता आल्या वाटेनं मागे फिरा. घरी आल्यावर गोचिडी तपासा: काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा.

आता कोयत्याबद्दल. माझं उत्तर सहसा 'नको' असं असतं. बऱ्याच संरक्षित जंगलांत तोडायला बंदी असते, आणि जिथे नसते तिथेही ती जमीन कुणाची तरी असते. पण नियम बाजूला ठेवला तरी घाईनं कापलेली वाट आधीपेक्षा वाईट होते. कोयत्याच्या तिरप्या घावानं नडगीच्या उंचीवर भाल्यासारखा खुंट राहतो. त्यावर कुणी पडलं तर काट्याच्या ओरखड्यापेक्षा फार मोठी जखम होते. घाणेरी वरून कापली की बुंध्यातून चार धुमारे फुटतात आणि पुढच्या मोसमात तिथे दुप्पट दाटी होते. तिला घालवायचं तर जमिनीच्या खाली, मूळ जिथे खोडाला मिळतं त्याच्याही खाली तोडावं लागतं आणि तो गड्डा उलटा करून ठेवावा लागतो. हे काम एका फेरीत चालता चालता होत नाही.

काही ठिकाणी तर परकं झुडूप मुद्दाम ठेवलेलं असतं. गॉर्स हे पश्चिम युरोपातलं पिवळ्या फुलांचं अतिकाटेरी झुडूप. कुंपणासाठी म्हणून ते न्यूझीलंडमध्ये नेलं आणि त्यानं टेकड्यांच्या टेकड्या व्यापल्या. त्याचं बी मातीत कित्येक दशकं जिवंत राहतं, आणि जमीन उघडी पडून उजेड मिळाला की रुजतं. तिथल्या बँक्स द्वीपकल्पावर हिनेवाइ नावाचं राखीव रान आहे. १९८७ पासून ह्यू विल्सन यांच्या देखरेखीखाली तिथे गॉर्सला हात न लावता तसंच राहू दिलं. त्याच्या काट्यांच्या आडोशाला देशी झाडांची रोपं वाढली, उंच झाली आणि त्यांच्या सावलीनं गॉर्सच मागे हटलं. तुम्ही अशा रानात कोयता घेऊन उजेड पाडलात तर कुणाची तरी तीस वर्षांची प्रतीक्षा मातीत जाईल. तोडायचंच असेल तर त्या वाटेची देखभाल कोण करतं ते विचारा, त्यांच्या कामात एक दिवस द्या. तिथे छाटणीची कात्री आणि करवत लागते, आणि खुंट जमिनीलगत सपाट कापायला शिकवतात.

गॉर्स निघालंच आहे तर आगीचं. त्यात तेल असतं आणि खाली वाळक्या काट्यांचा थर साचतो. १९३६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं बँडन हे गाव आगीत जवळजवळ पूर्ण जळालं. गावाभोवती वाढलेल्या गॉर्सनं ती आग भडकवली होती. वाळलेल्या काटेरी झुडपांत चूल, स्टोव्ह, सिगरेट, काहीही पेटवू नका.

आता गुडघा. काटा कातडीत असेल तर तिरपा उजेड पाडा, म्हणजे तो सावलीनं उठून दिसतो. जखम साबण-पाण्यानं धुवा, पण भिजवत ठेवू नका. लाकूड फुगतं आणि मऊ होऊन तुकडे पडतात. स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं वरची कातडी काट्याच्या रेषेतच उकला, टोक मोकळं झालं की चिमट्यानं धरून ज्या कोनात गेला त्याच कोनात ओढा. निवडुंगाच्या केसांएवढ्या कुसांचं वेगळं: झुबके आधी चिमट्यानं काढायचे, मग त्यावर साध्या पांढऱ्या गोंदाचा थर आणि गॉजची पट्टी लावून पूर्ण वाळू द्यायची आणि सोलून काढायची. खाजकुइलीची लव लागली तर चोळायचं नाही, चिकटपट्टीनं उचलायची.

पण काटा सांध्याच्या अंगानं गेला असेल तर घरचा उपाय बंद. माझ्या एका सोबत्याच्या गुडघ्यात शिंदीच्या झावळीचा काटा गेला. जागेवरच ओढून काढला, टोक दिसलं, सगळ्यांना वाटलं निघाला. चार दिवसांत दुखणं गेलं. तिसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला, वाकेना. ताप नाही, जखम तर केव्हाच भरलेली, म्हणून काट्याचा कुणाला विचारच आला नाही. एक्स-रे स्वच्छ आला. त्यानं स्वतः डॉक्टरांना काट्याबद्दल सांगितलं तेव्हा सोनोग्राफी झाली आणि सांध्याच्या अस्तरात काडीचा तुकडा दिसला. शस्त्रक्रियेत तो निघाला तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा होता. झाडाचा काटा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसण्याची शक्यता बरीच जास्त असते. सांध्यात राहिलेला तुकडा आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सूज आणतो. तेव्हा तुमच्या मित्राला आत्ता बरं वाटत असलं तरी गुडघा सुजला, गरम लागला, आखडला तर त्यानं डॉक्टरांना 'काटा गेला होता' हे पहिल्याच वाक्यात सांगायला हवं. ताप आला किंवा लाली पसरू लागली तर थांबायचंच नाही.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते दोघंही आठवा. माती लागलेल्या अशा जखमेनंतर शेवटच्या डोसला पाच वर्षांहून जास्त झाली असतील तर डॉक्टर बूस्टर देतात. स्वच्छ किरकोळ जखमेसाठी ही मुदत दहा वर्षांची. आणखी एक ओळखून ठेवा: काटा लागल्याजागी एक ते बारा आठवड्यांत न दुखणारी गाठ आली आणि मग तशाच गाठी हातापायावर वरच्या दिशेनं रांगेत येऊ लागल्या, तर ती स्पोरोथ्रिक्स या बुरशीची लागण असू शकते. साध्या प्रतिजैविकांनी ती जात नाही, त्यावर बुरशीची औषधं घ्यावी लागतात.

परतल्यावर बूट, मोजे, गेटर, सॅकच्या शिवणी आणि वेल्क्रो तिथेच, वाटेच्या तोंडाशी ब्रशनं झाडा. त्या दोन किलोमीटरमधलं बी पुढच्या वाटेवर न्यायचं नाही. मी ब्रश सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतो. आत असला की काढला जात नाही.

तुमच्या वाटेपुरतं सांगायचं तर पुढच्या वेळी पहिले पाच किलोमीटर पुन्हा चालून दमून त्या भिंतीशी जाऊ नका. दुसऱ्या टोकाकडून शिरा, म्हणजे बुजलेले दोन किलोमीटर सकाळच्या ताज्या पायांना मिळतील. मोसम असा निवडा की पानं झडलेली असतील आणि खोडं उघडी दिसतील. पहिल्या दिवशी पार जायचं ठरवू नका. फक्त वाट कुठून जाते ते बसून, वाकून शोधत जा आणि नकाशावर खुणा करा. मागच्या वेळी तुम्ही जिथून परतलात ती जागा त्यात नोंदवून ठेवा, आणि बारा वाजता, जिथे असाल तिथून, परत फिरा.